कोकणकड्यावर इंद्रवज्र: संध्याकाळी नाही, सकाळी!

तिरपं ऊन (धागाकर्ता)

हरिश्चंद्रगडावर इथे ढीगभर धागे आहेत, माहितीये. ‘पाचनई की खिरेश्वर’ (गडावर चढायच्या दोन वाटा) या एका वादापायी तर कित्येकांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. म्हणून देऊळ, केदारेश्वराचं गार पाणी, पुष्करणी, पिठलं-भाकरी या सगळ्याला फाटा देतो. हा धागा निव्वळ कोकणकड्याचा, आणि त्यातही एकाच गोष्टीचा. इंद्रवज्र, म्हणजे समोरच्या धुक्यावर आपल्या सावलीभोवती उमटणारं गोल रंगीत कडं, दिसावं असं वाटत असेल तर कड्यावर कधी उभं राहायचं? गेल्या भाद्रपदात जे पाहिलं त्यावरून माझं मत असं झालंय, की गडावर येणारी बहुतेक जनता नेमकी नको त्या वेळी कड्यावर असते.

आम्ही पाच जण होतो. निल्या, सुजा, पंक्या, पंक्याची मावसबहीण गौरी आणि मी. निल्याचं धोरण निघायच्या आधीपासून ठरलेलं: सकाळी चढायचं, दुपारी देऊळ, संध्याकाळी कड्यावर सूर्यास्त, अंधार पडायच्या आत खाली. ‘उरकून टाकू’ हा त्याचा आवडता शब्द. रायगडसुद्धा तो असाच ‘उरकून’ आलाय. पण गौरीने गाडीतच जाहीर केलं, की मी मुक्कामाच्या तयारीनं आलेय, ज्याला परतायचं त्यानं खुशाल परतावं. गाडी पंक्याची. त्यामुळे निल्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

घोटी, राजूर करत पाचनईला पोचलो, गावात पावती फाडली, चालायला लागलो. वाटेचं वर्णन नको म्हटलं तरी एका जागेबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. पहिला चढ संपला की वाट एका अजस्र कातळभिंतीच्या पोटाखालून जाते. भिंत डोक्यावर पुढे झुकलेली, तिच्या कडेवरून पाणी धारेनं पडतंय आणि आपण त्या धारांच्या आतल्या बाजूनं, अंगावर थेंबही न घेता चालतोय. सुजा तिथे अर्धा तास हलायला तयार नव्हती. निल्या घड्याळ बघत होता.

दुपारी सामान एका झोपडीवजा हॉटेलात टाकलं आणि पाचच्या सुमाराला कड्यावर गेलो. जत्रा होती. रेलिंगला टेकून फोटो, घोषणा, एका ग्रुपचा स्पीकर. आणि समोर? पांढरं. नुसतं पांढरं. दरी नाही, सूर्य नाही, कडासुद्धा नाही. तासभर ते पांढरं बघून जत्रा पांगली. जाताना एक जण दुसऱ्याला म्हणत होता, ‘इंद्रवज्र वगैरे सगळं मार्केटिंग आहे.’

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा तिथेच. माणसं आम्ही पाच आणि थोड्या अंतरावर संगमनेरचं एक जोडपं. धुकं होतंच. निल्या कानटोपी ओढून बसला होता. सातनंतर कधीतरी वारा पडला आणि धुकं, उकळतं दूध गॅस बारीक केल्यावर बसतं तसं, कड्याच्या ओठाखाली बसलं. आमच्या पायाखाली पांढरी जमीन, वर निळं आकाश, आणि मागून, गडाच्या माथ्यावरून ऊन आलं. पाठ गरम झाली तेव्हा कळलं.

पहिल्यांदा गौरीला दिसलं. ‘ते समोर कोण उभंय?’ म्हणाली. समोर दरीत, धुक्यावर, पाच माणसं उभी होती. पंक्यानं हात वर केला. समोरच्यातल्या एकानंही केला. मग आम्ही सगळ्यांनी जे हातवारे केले ते पाहून संगमनेरच्या काकूंनी नवऱ्याचा हात धरला. सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं होतं, बाहेरून तांबूस, आत निळसर, आणि त्याबाहेर आणखी एक पुसट.

पुढचा प्रकार मजेशीर. मी म्हणालो, कडं माझ्या डोक्याभोवती आहे. सुजा म्हणाली, चल, माझ्या आहे. निल्या आत्तापर्यंत उठून पुढे आला होता, तो शपथेवर सांगत होता, की तुम्हा कोणाच्याच नाही, फक्त त्याच्या आहे. आम्ही जागा बदलल्या. तरी प्रत्येकाचं कडं प्रत्येकापाशी! धुकं वर यायचं, सगळं पुसून टाकायचं, पुन्हा खाली बसायचं, पुन्हा पाच जण उभे. साडेआठ-पावणेनऊपर्यंत हा खेळ चालला. निल्यानं त्या वेळात एकदाही घड्याळ पाहिलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तर सांगायचं ते हे. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. सावली समोरच्या धुक्यावर पडायची तर सूर्य पाठीमागे हवा, म्हणजे पूर्वेला, म्हणजे सकाळी. संध्याकाळी सूर्य समोर असतो. तेव्हा तुमची सावली पडते मागे गवतावर. सूर्यास्ताला गर्दी करून ‘इंद्रवज्र दिसलं नाही’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

जाणकारांनी भर घालावी. चूक असेल तर झोडपावं.

कातळफूल

मस्त! पण फोटो कुठेत? फोटो नसलेला कोकणकड्याचा धागा इथल्या नियमात बसतो का? :)

तिरपं ऊन

मोबाईलवर काढलेत, पण कडं फारच फिकं आलंय. निल्याच्या फोनमध्ये एक बरा आहे. तो माणूस पाठवेल तेव्हा डकवतो. पाठवणं त्याला ‘उरकायचं’ वाटत नाही बहुतेक.

बखरबहाद्दर

तुमच्या म्हणण्याला थेट पुरावा आहे. विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी मुंबई इलाख्याची पाहणी करत दख्खनभर फिरत होता. त्याचा दख्खनच्या हवामानावरचा मोठा निबंध रॉयल सोसायटीने १८३५ साली छापला, त्यात हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचं वर्णन आहे. कोकणातून वर आलेलं धुकं कड्याच्या माथ्याला लागून उभं होतं, पण गडावर येत नव्हतं. हा कड्याच्या टोकाशी, धुक्याच्या जेमतेम बाहेर. आणि सूर्य पाठीशी, अगदी खाली. साईक्स घोड्यासकट तिथे होता, त्यामुळे वर्तुळात घोड्याचीही सावली!

सगळ्यात गंमत त्याच्या बरोबरच्या माणसांची. आपलीच सावली आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी हातपाय झाडून, वेडेवाकडे होऊन खात्री करून घेतली. म्हणजे तुमच्या पंक्याच्या आधी जवळपास दोनशे वर्षं तिथे हाच कार्यक्रम होऊन गेलाय.

एक दुरुस्ती. पुष्कळ लेखांत ‘साईक्सने १८३५ मध्ये इंद्रवज्र पाहिलं’ असं छापतात. १८३५ हे निबंधाचं साल आहे. तो हिंडला त्याआधी.

चारचा चहा

झोडपा म्हणालात म्हणून. आम्ही दुपारी चारला पाहिलंय. सप्टेंबरमध्येच. चौघांनी मिळून. आता काय म्हणणं?

तिरपं ऊन

कड्यावर कुठे उभे होतात? रेलिंगपाशी?

चारचा चहा

नाही. रेलिंगपासून डावीकडे बरंच पुढे, कड्याचं टोक वळतं तिथे. समोर कड्याचीच आतली भिंत दिसत होती आणि मधल्या पोकळीत ढग भरला होता.

गणिती

दोघंही बरोबर आहात, वाद मिटवतो. ‘सकाळ’ हा नियम नाही, ‘सूर्य पाठीशी आणि धुकं समोर, नजरेच्या खाली’ हा नियम आहे. कोकणकडा सरळ भिंत नाही, घोड्याच्या नालेसारखा वळलेला आणि आतल्या अंगाला खोल गेलेला आहे. मधोमध उभं राहिलात तर समोर पश्चिम येते आणि मग सकाळशिवाय गत्यंतर नाही. पण दक्षिणेकडच्या टोकाला जाऊन नालेच्या आत, ईशान्येकडे बघितलंत, तर दुपारनंतरचा सूर्य पाठीशी येऊ शकतो. चारचा चहा तिथेच होते. मात्र तेव्हा सूर्य वर असतो, म्हणून सावली बरीच खाली पडते आणि बघायला कडेवरून वाकावं लागतं. ते मी कुणाला सुचवणार नाही.

आता कड्याच्या भांडणाबद्दल. (रंगीत कडं म्हणतोय, डोंगराचा कडा नव्हे.) हे कडं सूर्य, बघणाऱ्याचा डोळा आणि त्या डोळ्याची सावली या एका रेषेभोवती तयार होतं. डोळा बदलला की रेषा बदलली. पाच जणांना पाच वेगळी कडी दिसत होती आणि प्रत्येकाला स्वतःचंच. निल्याची शपथ खरी होती. बाकीच्यांचीही.

आणि हे नेहमीचं इंद्रधनुष्य नाही. इंद्रधनुष्य पावसाच्या टपोऱ्या थेंबांतून होतं आणि त्या रेषेपासून साधारण ४२ अंशांवर दिसतं. धुक्याचे थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतके बारीक. त्यांच्यावर आदळून प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनं परत फिरतो, त्यातून हे जेमतेम काही अंशांचं छोटं कडं उमटतं. विमानात खिडकीतून खाली ढगावर विमानाची सावली आणि तिच्याभोवती रंगीत वर्तुळ दिसतं, तेच हे. विमानात सावलीच्या विरुद्ध बाजूला बसलात तर जन्मात दिसणार नाही. तोच मुद्दा.

बखरबहाद्दर

साईक्सने व्यास दिलाय, ५०-६० फुटांपेक्षा मोठा कधी वाटला नाही म्हणतो. यावरून काही सांगता येईल?

गणिती

अरे वा, मग गंमत आहे. रेषेपासून ५ अंशांवरचं छोटं कडं ५५ फुटांचं दिसायचं तर धुकं तीनशेहून जास्त फुटांवर हवं. ४२ अंशांचं मोठं धनुष्य असेल तर तीस फुटांवर पुरे. तो तर स्वतःच म्हणतोय, की मी धुक्याला अगदी खेटून होतो. म्हणजे त्याने पाहिलं ते बहुधा मोठं वर्तुळ, आणि तिरपं ऊन यांनी पाहिलं ते छोटं. दोन्हीला आपण ‘इंद्रवज्र’च म्हणतो. मोठ्या वर्तुळाला धुक्यात बहुतेक वेळा रंग येत नाहीत, पांढरा पट्टाच दिसतो. थेंब जरा मोठे असले तर रंग येतात. साईक्सने रंग झगझगीत होते असं लिहिलं असेल तर त्याच्या धुक्याचे थेंब टपोरे असणार.

बखरबहाद्दर

लिहिलंय, अगदी झगझगीत.

कातळफूल

मी फक्त फोटो मागितला होता. इथे भूमितीचा तास सुरू झाला. (वाचतेय मात्र सगळं.)

पाऊलखुणा

+१. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासुर

लिहिलंय छान, पण एक विचारू? दर पावसाळ्यात असे धागे येतात, मग पुढच्या शनिवारी तिथे आणखी तीनशे माणसं जातात. आता संध्याकाळची जत्रा सकाळी भरेल, एवढाच फरक. इंद्रवज्राची वेळ जाहीर करून आपण नेमकं काय साधतोय?

तिरपं ऊन

आक्षेप पटतो, पण अर्धाच. सकाळी साडेसहाला कड्यावर असायचं तर गडावर मुक्काम हवा किंवा रात्रीचं चढायला हवं. ‘उरकणाऱ्यांना’ दोन्ही परवडत नाही. आणि तिथे गेल्यावर दोन तास धुक्याकडे बघत गप्प बसावं लागतं. स्पीकरवाले टिकतील असं वाटत नाही.

मुळाकाठ

मी अकोले तालुक्यातला. पाचनईत मामाचं घर हाय. एक सांगू का सर, रात्रीचं चढायला सांगू नका कुणाला. शनिवारी रात्री एक-दोन वाजता गाड्यांवर गाड्या येत्यात. हॉर्न, आरडाओरडा, टॉर्चा घरांवर मारत्यात. पोरंसोरं उठत्यात, गुरं बिथरत्यात. आवणी (भाताची लावणी) चालू असते तवा माणसं दिवसभर चिखलात वाकलेली असत्यात, त्यांना रात्री झोप नको का? आणि गाडी लावायची कुठं, तर भाताच्या खाचराच्या बांधावर. बांध फुटला की पाणी गेलं, पाणी गेलं की रोप गेलं. दोन-अडीचशे रुपयांचं जेवण घेतलं म्हणजे बांध विकत घेतला असं नसतं.

पर्यटक येत्यात ते चांगलंच हाय, त्याच्यावर गावातली पाच-पन्नास घरं चालत्यात. पण दिवसाउजेडी या. दुपारी वर चला, रात्री वर ऱ्हावा, सकाळी तुमचं ते इंद्रवज्र बघा आणि न्याहारी करून उतरा. आमचं बी पोट भरतंय, तुमचं बी काम होतंय.

तिरपं ऊन

दादा, शंभर टक्के मान्य. वरच्या प्रतिसादातलं ‘किंवा रात्रीचं चढायला हवं’ हे वाचणाऱ्यांनी खोडलेलं समजावं. दुपारी वर, रात्री मुक्काम.

घाटावरची

मुळाकाठ यांना अनुमोदन. आमच्याच बाजूला एकदा एका व्यावसायिक ग्रुपचा मुक्काम होता, शंभरेक जण. पहाटे चारला शिट्टी वाजवून सगळ्यांना उठवलं, कड्यावर रांगेत नेलं, दहा मिनिटांत फोटो, पुन्हा शिट्टी, परत. धुकं बसायला लागलं तेव्हा त्यातला एकही माणूस तिथे नव्हता.

गवतफुला

वाट वगैरे ठीक, पण पालथं पडून खाली बघितलंत का नाही कुणी? आमच्यासाठी कोकणकडा म्हणजे तेच. पोटावर सरपटत कडेपर्यंत जायचं, मागून दोघांनी पाय धरायचे आणि डोकं बाहेर काढायचं. पहिल्यांदा दिसतं ते काहीच नाही, कारण खालून येणारा वारा डोळे उघडू देत नाही. मग हळूहळू खालची भिंत दिसते. दिसते म्हणजे, दिसत नाही! आत गेलेली असते. आपल्या हनुवटीखालचा कातळ कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. पाकोळ्या आपल्या खाली उडत असतात, त्यांच्या पाठी दिसतात. आणि तळाशी बेलपाड्याकडची, म्हणजे कड्याच्या पायथ्याच्या गावाकडची झाडी.

जुना भिडू

गवतफुला, पावसाळ्यात हे करू नका, इतरांनाही सांगू नका. कडेचं गवत ओलं असतं, त्याखाली सुटा मुरूम. पाय धरणारे दोघंही त्याच गवतावर बसलेले असतात हे कुणी लक्षात घेत नाही. डिसेंबरमध्ये, कोरड्या कातळावर, एका वेळी एक जण, सॅक काढून. तेव्हा ठीक.

आता कड्याविषयी माझं जरा वेगळं म्हणणं. वरून कोकणकडा कळत नाही. वर तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे असता. सरळ तुटलेला कातळ अठराशे फुटांच्या आसपास सांगतात, आणि पार खालच्या बेलपाड्यापर्यंतचा उतार धरला तर तीन हजार फुटांच्या वर जातो. हे आकडे वर उभं राहून पोटात उतरत नाहीत. मुरबाडकडून माळशेजच्या रस्त्यानं जाऊन बेलपाड्यात उतरा आणि सकाळी डोळे चोळत बाहेर या. समोर अख्खी वाटी. लाव्ह्याचे थर एकावर एक, आडवे, मोजता येतील असे. मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

तिथूनच नळीची वाट चढते. कड्याच्या बाजूच्या घळीतून, दगडधोंड्यांवरून, मध्ये कातळटप्पे, दोर लागतो. पूर्ण दिवस जातो. पावसाळ्यात त्या नळीतून पाणी आणि दगड येतात, माणसांनी जायचं नसतं. दिवाळीनंतर, माहीतगार बरोबर घेऊन. धागाकर्त्यांच्या निल्याला तिथे न्या. नळीची वाट ‘उरकता’ येत नाही.

तिरपं ऊन

निल्याला हा प्रतिसाद पाठवला. उत्तर आलं: ‘एका दिवसात होतंय ना? मग झालं तर.’

शंकासुर

हा निल्या मला आवडायला लागलाय.

हार्झची हवा

अवांतर नाही, विषयाशी संबंध आहे म्हणून लिहितेय. मी जर्मनीत राहते, हार्झ डोंगरापासून दीड तासावर. या प्रकाराला जगभर ज्या डोंगराचं नाव मिळालंय तो ब्रोकन इथलाच. इंग्रजीत आणि जर्मनमध्ये याला ‘ब्रोकनचं भूत’ म्हणतात, कारण अठराव्या शतकात एका जर्मन माणसानं तिथे धुक्यावर पडलेली प्रचंड सावली पाहून लिहून ठेवलं. साईक्सच्या आधी पन्नासेक वर्षं.

तर कोकणकड्याच्या मानानं ब्रोकन अगदीच सपक आहे हो. उंची ११४१ मीटर, म्हणजे हरिश्चंद्रगडाहून कमी. वरपर्यंत वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी जाते, माथ्यावर हॉटेल, सूप, सॉसेज. कडा नाहीच, गोलसर बोडका माथा. पण वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस तिथे धुकं असतं, म्हणून भूत दिसायची शक्यता तिथे जास्त. पूर्व जर्मनीच्या काळात सीमेलगतचा डोंगर म्हणून तो सामान्य माणसाला बंद होता. बर्लिनची भिंत पडल्यावर डिसेंबर १९८९ मध्ये लोकांनी फाटकापाशी जमून तो उघडायला लावला.

मी वर गेले तेव्हा धुकं एवढं दाट होतं, की गाडी थांबली तो फलाटसुद्धा धड दिसला नाही. भूत वगैरे सोडाच. आता वाटतं, त्यापेक्षा माहेरी गेल्यावर पाचनईच बरी. आईला घेऊन.

गणिती

‘धुकं दाट होतं म्हणून दिसलं नाही’ हेच इथल्या लोकांना सांगा. स्वतः धुक्यात असाल तर ऊनच पोचत नाही. धुक्याच्या वर, उन्हात उभं राहायला हवं. म्हणूनच ऐन जुलैत जाऊन उपयोग नाही, गड दिवसचे दिवस ढगात बुडालेला असतो. पावसाची उघडीप, सकाळचं ऊन, दरीत ढग. श्रावणाच्या शेवटापासून भाद्रपदभर हे जमून यायची शक्यता सगळ्यात बरी.

सोनकी

आणि भाद्रपदात इंद्रवज्र नाहीच दिसलं तरी पठारावर सोनकी फुललेली असते, तेरडा असतो. नुकसान काहीच नाही. (आयडी बघून हसू नका.)

घाटावरची

जाता जाता, कड्यावरून पाणी-बिणी खाली टाकलं की वाऱ्यानं उलटं वर येतं, ते कुणी लिहिलंच नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा भिंतीवर आपटून वरच चढतो. टोपी सोडली तर परत हातात येते म्हणतात.

जुना भिडू

पाणी येतं. टोपी कधी येते, कधी येत नाही. प्लास्टिकची पिशवी आणि चिप्सचं पाकीट मात्र नक्की परत येतं आणि कारवीत अडकून बसतं. उन्हाळ्यात जाऊन बघा. कड्यालगतच्या झुडपांवर जे फडफडतं त्याला फूल समजू नका.

हार्झची हवा

एक खरंखुरं विचारायचं होतं. आई चौसष्टची आहे. रोज सिंहगड रोडला तासभर चालते, गुडघा उतरताना थोडा कुरकुरतो. गणपतीच्या सुमाराला भारतात असेन. पाचनईनं जमेल का तिला? की हट्ट सोडू?

जुना भिडू

चढायला जमेल. उतरताना जपावं लागेल. ओढ्याकाठच्या कातळावर शेवाळ असतं, तिथे रेलिंग आहे पण पाय सरकतोच. दोन काठ्या द्या, एक नव्हे. स्पोर्ट्स शूज नकोत, रबराच्या खोल खाचांचे बूट घ्या, साधे हंटरसुद्धा चालतील. खिरेश्वरकडून अजिबात नेऊ नका. तोलार खिंडीनंतर जो कातळ आहे आणि पुढे टेकाडांवर टेकाडं लागतात, त्यात धडधाकट माणसंही कंटाळतात.

मुळाकाठ

ताई, आईंना बिनधास्त आणा. फकस्त शनिवार-रविवार सोडून. मंगळवार-बुधवारी या, वाट मोकळी असते, माणसं बी निवांत असत्यात. सकाळी नऊ-दहाला गावातून निघा, हळूहळू जेवायच्या वक्ताला वर पोचाल. गावातलं एखादं पोरगं वाटाड्या म्हणून संगं घ्या, सॅक तोच उचलंल, ओढ्यापाशी आईंचा हात बी धरंल. पैसे आधी ठरवून घ्या म्हणजे नंतर दोघांना बी वाईट वाटायला नको. वर झोपायला जमिनीवर गारवा लय असतो, जाड सतरंजी मागून घ्या, लाजू नका.

सकाळी कड्यावर नेताना मात्र अंधारात निघू नका. सूर्य गडाच्या माथ्यावरून वर यायला तसा बी वेळ लागतो. चहा पिऊन निघालात तरी मिळंल.

हार्झची हवा

दादा, फार आभार. आईला वाचून दाखवलं. पहिला प्रश्न आला, ‘भाकरी कशाची असते?’

मुळाकाठ

तांदळाची. नाचणीची पायजे आसंल तर आदल्या दिशी सांगून ठेवा.